रत्नागिरी ते सिएटल, पाऊण तास

भाटकर सरांनी रत्नागिरीत पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आणि दर वर्षी एकदा तरी ते पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवून त्यावर दोरा ताणायचे. "इथून अमेरिकेत सिएटलला जायचंय. कुठून जाल?" पोरं बोट पश्चिमेला फिरवायची. अरबस्तान, युरोप, मग अटलांटिक. सर खेकसायचे, "गाढवांनो, सपाट नकाशा बघून जगात फिरू नका." दोऱ्याचं एक टोक रत्नागिरीवर, दुसरं सिएटलवर. ताणला की दोरा थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जायचा. साडेबारा हजार किलोमीटर. पोरं आ वासून बघायची.

सरांचा स्वतःचा मुलगा, निनाद, मोठा होऊन नेमका त्याच दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. याला योगायोग म्हणा, नाहीतर भोग म्हणा.

बरीच वर्षं सगळ्यांचं ठीक चाललं होतं, कारण अंतर मोठं होतं. रत्नागिरीहून मुंबई, तिथून आखात, तिथून अमेरिका. एका घरातून निघालेला माणूस दुसऱ्या घरात शिरेपर्यंत दीड दिवस जायचा. "लांब आहे हो फार, कसा येणार तो?" असं सर शेजाऱ्यांना सांगायचे आणि शेजारी मान डोलवायचे. मुलगा का येत नाही, या प्रश्नावर घालायला साडेबारा हजार किलोमीटरचं पांघरूण पुरत होतं. मग कुणा शहाण्यांनी ते पांघरूणच ओढून घेतलं.

त्याला लोक 'उडी' म्हणायचे. साध्या विमानाचं दुखणं असं, की हवा त्याला उचलते आणि हवाच त्याला अडवते. वेग दुप्पट करायला जावं तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून इतकी वर्षं विमानं ताशी नऊशे-हजारावर अडकून पडली होती. उडीच्या यानाने हवेशी भांडणंच सोडून दिलं. गावातल्या काचा फुटू नयेत म्हणून किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत, भर समुद्रात, त्याचा तरंगता तळ बांधला होता. तिथून यान उभंच्या उभं सुटायचं, काही मिनिटांत हवेच्या वर निघायचं, आणि मग इंजिन बंद! पोराने दगड भिरकावावा तसं भिरकावलेलं, फक्त इतक्या जोरात की दगड पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन पडावा. वर अडवायला हवाच नाही, त्यामुळे सेकंदाला सातेक किलोमीटरचा वेग फुकटात टिकायचा. सुटताना आणि उतरताना माणसाचं वजन तिप्पट व्हायचं, मधल्या वेळात काहीच नसायचं. त्यासाठी आधी हृदय तपासून दाखला घ्यावा लागे. लहान मुलांना तर अख्खा दिवस दवाखान्यात ठेवून मगच तो मिळे. सरांच्या हृदयाला असा दाखला देणारा डॉक्टर जन्माला यायचा होता. निनादकडे मात्र होता. कंपनीच्या कामाला तो टोकियोला, सिंगापूरला उड्या मारायचा.

रत्नागिरी ते सिएटल पाऊण तास. बोट-बिट, तपासण्या धरून घरापासून घरापर्यंत तीन तास. पुण्याहून यायला याहून जास्त लागतात हो! उडी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि निनाद एकदाही आला नव्हता. शेजारी आता मान डोलवत नव्हते, नुसते बघायचे.

सरांची मुलगी शर्वाणी हे सगळं बघत होती. बघायला दुसरं होतंच कोण! नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आली ती राहिलीच. दिवसा मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम, आणि उरलेल्या वेळात अप्पांचं, म्हणजे सरांचं, पथ्यपाणी. दादा का येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावालाही होतं, पण बोलायचं कुणी?

आपल्याकडे एक रीत आहे. लांबच्या माणसाला मरणाची बातमी तो पोचायच्या आधी द्यायची नाही. "तब्येत जरा जास्त आहे, निघून ये," एवढंच सांगायचं. बिचारा वाटभर रडत बसायला नको, वाटेत त्याचंच काही बरंवाईट व्हायला नको. या खोट्यात सगळे सामील असतात, डॉक्टरसुद्धा. मुंबईहून येणाऱ्याला हे सहा-आठ तासांचं खोटं असतं. अंगणात बसलेली माणसं बघून त्याला कळतं, तो रडतो, आणि कुणी कुणाला दोष देत नाही.

सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा सरांनी हे खोटं दीड दिवस चालवलं. वर यंत्राची मदत घेतली. तेव्हा 'सोबत' नावाचं एक ॲप निघालं होतं. घरातल्या माणसाचे जुने आवाज, जुने व्हिडिओ त्याला द्यायचे, की ते हुबेहूब त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने बोलायचं. नुसतं बोलायचं नाही, विचारलेल्याला उत्तर द्यायचं. परगावी नोकरी करणाऱ्या आयांनी पोरांना झोपवावं म्हणून काढलेली सोय ती. आई पहाटेच गेली होती. निनाद सिएटलहून निघताना बोलला, मधल्या विमानतळावरून बोलला, मुंबईत उतरून बोलला, आणि प्रत्येक वेळी आई फोनवर आली. "सावकाश ये रे, मी आहे," म्हणाली. काय आणू विचारलं तर म्हणाली, "काही नको, तू ये." तरी त्याने मधल्या विमानतळावर तिच्यासाठी मऊ लोकरीची शाल घेतली. ती शाल हातात धरून तो अंगणात आला, तर समोर तिरडी.

त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "मग मी कुणाशी बोलत होतो?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं," सर म्हणाले. त्यापुढे एक अक्षर नाही. भाटकर सर आणि माफी! फळ्यावर स्वतः चुकीचं लिहिलं तरी 'पुस्तकात छपाईची चूक आहे' म्हणणारा माणूस तो. निनाद दहाव्या-बाराव्याला थांबला, तेराव्याला गेला, आणि पुन्हा आला नाही. महिन्यातून एकदा फोन, तोही शर्वाणीला. अप्पा कसे आहेत? बरे आहेत. गोळ्या घेतात का? घेतात. झालं.

आणि आता मुजावर डॉक्टरांनी सरांच्या छातीवरून नळी उचलली, शर्वाणीला ओटीवर बोलावलं आणि म्हणाले, "हृदय थकलंय, बाळ. आज, नाहीतर उद्या. कुणाला बोलवायचं असेल तर बोलव."

ती आत आली तर अप्पा जागेच होते. सगळं ऐकलं असावं.

"शरू गो, निन्याला बोलाव."

"बोलावते."

"फोनवर नको हां मला. समोर हवा तो. माफी मागायचीय त्याची." अप्पांना धाप लागली. "सहा वर्षं जीभ वळली नाही. आता वळेलसं वाटतंय. तीन तासांत येतो ना माणूस? तेवढा तग धरतो मी."

शर्वाणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओटीवर जाऊन तिने फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"दादा, अप्पांचं काही खरं नाही. लगेच नीघ."

निनादने अगदी हळू विचारलं, "कधी?"

"कधी काय? आत्ता नीघ."

"कधी गेले, असं विचारतोय."

"अरे, जिवंत आहेत! तुझी वाट बघतायत."

"आईपण बघत होती, शरू."

तिने खिडकीतून कॅमेरा आत वळवला. "हे बघ, हे बघ, डोळे उघडे आहेत त्यांचे."

"बंद कर तो व्हिडिओ. आई तर हसत होती व्हिडिओत."

"काहीतरी विचार त्यांना! फक्त त्यांनाच ठाऊक असेल असं."

"आईला विचारलं होतं. तिने सगळं बरोबर सांगितलं."

मुजावर डॉक्टरांनी फोन तिच्या हातातून घेतला. "निनाद, मी मुजावरकाका. अप्पा आहेत अजून. पण वेळ थोडा आहे."

"काका, मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, नाडी चांगली लागतेय." निनादच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्यावर राग नाही. रीतच आहे ती. पण मी आता लहान नाही हो."

डॉक्टरांनी फोन परत दिला आणि चष्मा काढून पुसत बसले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आणि ते दूध डॉक्टरांनीही तापवलं होतं.

"शरू, ऐक," निनाद म्हणाला. "मी रागावलो नाहीये. तू रडून घे. मला खोटं सांगायचे कष्ट तरी नको घेऊस. मी एकटा आत्ता येऊ शकतो, पण मयूखला आजोबांचं शेवटचं दर्शन घडू दे. त्याचा दाखला काढायला एक दिवस लागेल. आम्ही तिघं उद्या एकदमच येतो. तोवर बर्फाची सोय कर."

"बर्फ?" शर्वाणी किंचाळली. "बर्फ कशाला रे, मेल्या? ते आत पेज प्यायलेत आत्ता!"

"बरं," निनाद म्हणाला, आणि ते इतकं प्रेमाने म्हणाला की तिला फोन समुद्रात भिरकावावासा वाटला.

त्याने एवढ्यावर थांबायचं ना! पण मुलगा चांगला. बहीण एकटी पडेल म्हणून दुपारी त्याने नातेवाइकांच्या आणि आळीच्या ग्रुपवर लिहिलं: 'अप्पा गेले. मी उद्या पोचतो. तोवर शरूजवळ कुणीतरी थांबा.'

मग काय, माणसं आली. शेजारच्या मयेकर काकी फाटकापासूनच गळा काढत आल्या, "भाटकर सर गेले गोऽऽ," आणि दारात उभ्याच्या उभ्या गोठल्या. सर उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होते.

"काकी, चहा घेऊन रडा," सर म्हणाले. "कोरडा घसा दुखतो."

काकींची बोबडी वळली. मागोमाग त्यांचा मुलगा राजन खांद्यावर दोन बांबू घेऊन आला. त्याला शर्वाणीने हाताने खूण केली, तशी तो ओशाळला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आणलेतच, तर मागे पडवीत ठेवू का? परत परत कोण आणणार?" आणि ठेवले मेल्याने! खिडकीतून दिसतील असेच.

"हा काय प्रकार आहे?" माणसं गेल्यावर अप्पांनी विचारलं. शर्वाणीने पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगितलं, सांगण्यावाचून इलाज नव्हता. अप्पा आधी हसले. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता त्यांना पुरतं कळलं. आज तो येणार नव्हता. येऊ शकत असून येणार नव्हता, कारण त्याच्या लेखी इथे भेटायला कुणी उरलंच नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला ते म्हणाले, "फोन लाव. समोर नाही तर नाही. फोनवरच बोलतो."

"तो ऐकणार नाही, अप्पा."

"लाव गो तू."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि अप्पांच्या तोंडाशी धरला.

"निन्या."

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"निन्या, मी अप्पा. आईच्या वेळी माझं चुकलं. तुला वाटेत त्रास नको म्हणून केलं, असं म्हणत आलो मी. खोटं ते. ती गेली, हे माझ्याच तोंडून निघत नव्हतं. म्हणून ते यंत्र पुढे केलं. तुझ्याशी बोलायची हिंमत नव्हती माझ्यात." अप्पा थांबले, श्वास गोळा केला. "चुकलो मी, बाळा. माफ कर मला."

शर्वाणीने अप्पांच्या तोंडून 'बाळा' हा शब्द कधी ऐकला नव्हता. तिला हुंदका आला तो तिने दातांखाली दाबला. असल्या बोलण्याने दगडही विरघळेल असं तिला वाटलं.

"शरू," निनाद म्हणाला. "तू सकाळपासून हे बनवत बसली होतीस?"

"दादा, हे अप्पा आहेत! माझ्यासमोर आहेत, देवाशपथ!"

"माझ्या बापाने जन्मात कुणाची माफी मागितली नाही. बनवायचंच होतं तर जरा त्यांच्यासारखं तरी बनवायचंस. म्हणे बाळा! खरे अप्पा असते ना, तर मला ओरडले असते. गाढवा, म्हणाले असते, एवढं कळत नाही तुला?" त्याला रडू फुटलं, आणि रडण्यातून राग. "आणि ए यंत्रा, तू ऐक. माझा बाप हट्टी होता, माफी न मागता गेला. मला तो तसाच हवाय. त्याच्या तोंडी असली भीक घालू नकोस. आईला नासवलंस, आता यांना नको. जा मर, मर एकदाचं!"

फोन बंद झाला. शर्वाणीने पुन्हा लावला. लागला नाही. डॉक्टरांच्या फोनवरून लावला, मयेकर काकींच्या फोनवरून लावला. त्याने फोनच बंद करून ठेवला होता.

अप्पा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत पडले होते.

"ओरडायला हवं होतं," ते म्हणाले. "एक 'गाढवा' म्हटलं असतं तर पळत आला असता. सुचलंच नाही गो मला. आयुष्यभर ओरडलो, आणि नेमकं आज."

"अप्पा, नका बोलू."

"ऐक. तो येईल तेव्हा मी नसेन. त्याला सांग, मी आज सकाळीच गेलो. त्याचं बरोबर होतं म्हणावं."

"मी नाही सांगणार! त्याला कळू दे काय केलं ते."

"शरू, हे कळलं तर जन्मभर झोप लागणार नाही त्याला." अप्पांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता. "माझ्या गळ्याची शपथ. सांगशील ना?"

"हो," शर्वाणी म्हणाली. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली तरी अप्पांनी तग धरला होता. बोलत नव्हते, पण डोळे दाराकडे होते. उडीचं यान उतरताना समुद्राकडून दोन धडाके ऐकू यायचे. हवेत शिरताना ते आवाजाला मागे टाकून यायचं, त्याचे ते धडाके. गावाला सवय झाली होती, आता कुत्रीही भुंकत नसत. ते धडाके झाले. अप्पांच्या पापण्या हलल्या.

"आला," ते म्हणाले.

ध्रुवावरून साडेबारा हजार किलोमीटर पाऊण तासात संपले होते. राहिले होते चाळीस, ते बोटीने, आणि बोटीला तासभर लागायचा. शर्वाणी अप्पांचा हात धरून बसली. चमच्याने पाणी घातलं, ते ओठांतून बाहेर आलं. "आलाच हां, आलाच," ती म्हणत राहिली. पोराला झोपवताना म्हणावं तसं म्हणत राहिली. बोट धक्क्याला लागायच्या थोडं आधी तिला कळलं, की आपण हे कुणालाच सांगत नाही आहोत.

तयारीला वेळ लागला नाही. सगळं कालपासून तयारच होतं. राजनने बांबू पुढच्या अंगणात आणले, आणि या खेपेला कुणाकडे बघून ओशाळला नाही.

निनाद आला तो पांढऱ्या कपड्यांत, बायको-मुलाला घेऊन. त्याचे डोळे सुजलेले होते पण चेहरा शांत होता. रडण्याचा वाटा तो तिकडेच उरकून आला होता. त्याने शर्वाणीला जवळ घेतलं, थोपटलं. मग जमिनीवर ठेवलेल्या अप्पांकडे बघत राहिला.

"बर्फ नाही ठेवलास?"

शर्वाणीने अप्पांवरची चादर सारखी केली.

"शरू, काल संध्याकाळी मी त्या आवाजाला फार घाण बोललो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तेव्हापासून लागून राहिलंय मनाला. इतका हुबेहूब होता गं. मग म्हटलं, जाऊ दे, यंत्रच ते. अप्पांनी थोडंच ऐकलं?"

शर्वाणीला शपथ आठवत होती. 'काल सकाळीच गेले, तुझं बरोबर होतं,' एवढंच बोलायचं होतं. भाऊ हलका होऊन परत गेला असता, पाऊण तासात. पण या घरात एकमेकांना जपायला म्हणून जे जे खोटं बोललं गेलं, त्याचं फळ तिच्यासमोर चटईवर आडवं पडलं होतं. आणि सहा वर्षं त्या माणसाचं अंग पुसणाऱ्या बाईला जपायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"ऐकलं," ती म्हणाली.

"काय?"

"स्पीकर चालू होता. शब्द न् शब्द ऐकला त्यांनी. तू उतरलास ते धडाकेही ऐकले. 'आला' म्हणाले. आत्ता गेलेत, तासभर झाला नाही."

निनादने तिच्याकडे पाहिलं आणि थकून मान हलवली. "पुरे ना, शरू. आता कशाला खोटं बोलतेस?"

शर्वाणी बाजूला झाली. "नमस्कार कर," ती म्हणाली. "पायांना हात लाव."

निनाद गुडघ्यांवर बसला. त्याने मयूखला जवळ ओढलं, अप्पांच्या पायांवरची चादर सारली आणि दोन्ही हात ठेवून वाकला. पाय अजून गरम होते.